प्याला आणि किल्ली यांच्यामधली माणसे

महाराष्ट्रातील मद्यविरोधी चळवळीला शतकाहून मोठा इतिहास आहे; पण त्या इतिहासात रस्ता जवळजवळ कोठेच आढळत नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गोरगरिबांचे उद्ध्वस्त होणारे संसार होते. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १९०८ साली पुण्यातील दारूच्या गुत्त्यांपुढे स्वयंसेवक उभे राहिले, तेव्हा त्या निग्रहात परक्या सरकारच्या अबकारी उत्पन्नावरचा रोषही मिसळलेला होता. आणि राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकांनी अश्रू ढाळले ते सिंधूसाठी, म्हणजे घराच्या चार भिंतींत दारूच्या वरवंट्याखाली भरडल्या गेलेल्या स्त्रीसाठी. हे स्वाभाविकच होते. ज्या काळी मोटार ही संस्थानिकांची आणि मोजक्या धनिकांची मिरास होती, त्या काळी दारुड्याच्या हातून होरपळणारे माणूस बहुधा त्याच्याच घरातले असे. आज त्या चार भिंती पुरेशा राहिलेल्या नाहीत. पदपथावर झोपलेला मजूर, पहाटे मासळी घेऊन निघालेले जोडपे, रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी परतणारी मुले यांचा त्या प्याल्याशी कसलाही संबंध नसतो, आणि तरी त्याची किंमत त्यांना प्राणांनी चुकवावी लागते.

या प्रश्नाची आपल्याकडे दोन तुटक भागांत वाटणी झालेली आहे. मद्यपी चालक हा पोलिसांचा विषय आणि दारू पिणारा अल्पवयीन मुलगा हा त्याच्या घराच्या अब्रूचा विषय, अशी ही वाटणी असल्यामुळे पहिल्या बाबतीत समाज नाकाबंदीकडे बोट दाखवून मोकळा होतो, आणि दुसऱ्या बाबतीत शेजाऱ्यांनी पाहूनही न पाहिल्यासारखे करणे हा सभ्यपणा ठरतो. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जन्म घेतात. प्याला ओठांना लागणे आणि गाडीची किल्ली फिरणे या दोन क्षणांच्या मध्ये कितीतरी माणसे उभी असतात: दुकानदार, वेटर, यजमान, मोठा भाऊ, मित्र, बाप, गाडीचा मालक. यांपैकी कोणा एकाने हात आडवा घातला तरी पुढचा अनर्थ टळू शकतो; आणि कायदा व पोलीस ज्या ठिकाणी उभे असतात ते या साखळीचे अगदी शेवटचे टोक आहे, ही गोष्ट या लेखात मला आग्रहाने मांडावयाची आहे.

प्रथम कायद्याचा वारसा पाहू. काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबई शहरात दारूबंदी जारी केली; त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यामुळे तो प्रयोग अर्ध्यावर राहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला, राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने त्याच दिशेचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले, आणि १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील काही तरतुदी रद्द ठरवूनही त्याचा गाभा उचलून धरला. पुढे हातभट्ट्या आणि चोरटा व्यापार बोकाळला, वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत धोरण सैल झाले, मूळ कायदा मात्र कधीच रद्द झाला नाही. त्यामुळे आजही महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना असावा लागतो. बिअर आणि वाइन यांसारख्या सौम्य मद्यासाठी २१ वर्षांची आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. आणि या दोन्ही गोष्टी दुकानाच्या गल्ल्यापाशी किती गंभीरपणे पाळल्या जातात हे कोणत्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी अर्धा तास उभे राहिले तरी कळून येते. राज्याच्या तिजोरीत उत्पादन शुल्कापोटी वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल जमा होतो, तेव्हा ज्या खात्याकडे विक्रीचे उत्पन्न वाढवण्याची अपेक्षा आणि विक्रीवर अंकुश ठेवण्याचे कर्तव्य एकाच वेळी सोपवलेले आहे, त्याच्या अंमलबजावणीत ढिलाई येणे अटळ आहे. या स्थितीचा मोठा तोटा मला असा वाटतो की, परवान्याचा कायदा कागदावर आणि व्यवहार रस्त्यावर अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या पाहून मद्याविषयीचा प्रत्येक नियम हा केवळ रिवाजापुरता असतो अशी आपल्या मनाची बैठकच तयार झाली, आणि तीच बैठक घेऊन माणूस गाडीत बसतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १८५ व्या कलमाने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश असताना वाहन चालवणे हा गुन्हा ठरवला आहे. इंग्लंडात ही मर्यादा ८० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे कागदावर आपण इंग्रजांपेक्षा कितीतरी कठोर आहोत. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांवर नेला, सहा महिन्यांपर्यंतची कैद कायम ठेवली, आणि पुन्हा तोच गुन्हा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पंधरा हजारांपर्यंत दंड ठेवला. मर्यादा इतकी खाली असण्याला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. माणूस झिंगून पडण्याच्या कितीतरी आधी त्याचा अंदाज चुकू लागतो: समोरच्या गाडीचे अंतर, वळणाचा वेग, ब्रेकवर पाय पडण्यास लागणारा क्षण यांत फरक पडतो; आणि ज्या विवेकाने हा फरक ओळखावयाचा तोच विवेक प्रथम मंदावत असल्यामुळे ‘मला काही झालेले नाही’ असे सांगणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो. यकृत हे विष १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी सरासरी १५ मिलिग्रॅमच्या आसपास या आपल्या गतीनेच निपटते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही. मध्यरात्री ज्याच्या रक्तात १५० मिलिग्रॅम मद्यांश होता, तो सकाळी सातला ताजातवाना होऊन शाळेची गाडी किंवा भाजीचा टेम्पो घेऊन निघाला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो मद्यपी चालकच असण्याचा संभव फार मोठा आहे. लग्नाच्या वरातीनंतर चार तास डोळा लागला की गाडी चालवण्यास हरकत नाही, ही आपल्याकडची सर्वमान्य समजूत म्हणूनच घातक आहे.

आता आकड्यांकडे वळू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत महाराष्ट्रातील पंधरा हजारांहून अधिक होती. यांतील सत्तर टक्क्यांच्या आसपास मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात गेले. मद्य आणि अमली पदार्थ यांच्या रकान्यात अडीच टक्क्यांच्या आसपासच उरले. हा आकडा पाहून मद्याचा प्रश्न किरकोळ आहे असा निष्कर्ष काढणारास मी एवढेच सांगेन की, तो आकडा दारूचे मोजमाप करीत नाही, आपल्या तपासाचे करतो. अपघाताच्या फिर्यादीत कारण बहुधा एकच लिहिले जाते. पिऊन गाडी हाकणारा माणूस वेगानेही हाकत असतो, आणि वेग डोळ्यांना दिसतो, रक्त तपासावे लागते. तालुक्याच्या रुग्णालयात जखमीचे प्राण वाचवण्याची धांदल चाललेली असताना नमुना घेण्याची तजवीज मागे पडते. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत दफ्तरातील नोंद कायम झालेली असते. आणि कित्येकदा विम्याचे पैसे अडकू नयेत म्हणून मृताच्या कुटुंबाबद्दलच्या कणवेने सगळा गाव त्या विषयावर मौन पाळतो. ही कणव मला समजते. परंतु त्या मौनामुळे पुढच्या अपघाताचे कारण झाकले जाते, हेही तितकेच खरे आहे.

मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ साली मद्यपी चालकांविरुद्ध मोहीम उघडली, श्वासपरीक्षेची यंत्रे घेऊन रात्रीच्या नाकाबंद्या सुरू केल्या आणि दंडाबरोबर प्रत्यक्ष कैदेच्या शिक्षाही होऊ लागल्या, तेव्हा शहराच्या सवयींत जो पालट झाला तो पुष्कळांनी पाहिला आहे. पार्टीला जाताना गाडी घरी ठेवावी, निदान ड्रायव्हर सांगावा, ही रीत महाराष्ट्रात प्रथम रुजली ती त्या शहरात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात १९८२ च्या अखेरीस कोणत्याही चालकाला कोठेही थांबवून श्वासपरीक्षा करण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा तेथील अनुभवही हाच होता: शिक्षेच्या कठोरपणापेक्षा पकडले जाण्याची खात्री माणसाला अधिक आवरते. आपल्याकडे मात्र ही खात्री ३१ डिसेंबर, धुळवड आणि आषाढातील अमावास्या अशा ठराविक तिथींपुरती आणि महानगरांच्या ठराविक नाक्यांपुरती मर्यादित आहे. करमाळा किंवा चिखली यांसारख्या गावाबाहेरच्या ढाब्यावरून मध्यरात्री निघणाऱ्या तरुणाला वाटेत यंत्र घेतलेला पोलीस भेटेल अशी भीती वर्षाच्या बहुतेक रात्री नसते.

न्यायालयांची वाटचाल यापेक्षा आशादायक आहे, पण ती पुराव्यापाशी अडखळते. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटेच्या सुमारास एका मोटारीने पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडले. सात जण ठार झाले, आठ जखमी झाले. खालच्या न्यायालयाने निष्काळजीपणाचे कलम लावून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षांची केली. आणि २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन चाक हाती घेणाराला परिणामाची जाणीव असतेच, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले. पण ते सिद्ध करण्यास रक्तातला पुरावा लागतो, आणि तो पुरावा दर तासाला आपोआप नष्ट होत असतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले, त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत वरळीत एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील मासळी विक्रेत्या जोडप्याला धडक देऊन त्यांतील स्त्रीला फरफटत नेले. आरोपी हाती लागला तो दोन दिवसांनी, आणि इतक्या अवधीनंतर रक्त काय सांगणार? ज्याच्याजवळ पैसा, वकील आणि ओळखी आहेत त्याला वेळ मिळवता येतो, आणि वेळ हीच या गुन्ह्यातील सुटका आहे. म्हणून अपघातानंतर पळून जाणे किंवा नमुना देण्यास टाळाटाळ करणे हा मद्यपानापेक्षा सौम्य अपराध राहणे हे न्यायाला धरून नाही.

पुण्याच्या प्रकरणात जनतेचा क्षोभ उसळला तो मुख्यतः जामिनाच्या अटीवर. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची ती अट ऐकून ज्याचे मन विषण्ण झाले नाही असा माणूस विरळा. परंतु त्या प्रक्षोभात त्या रात्रीचा पूर्वार्ध मागे पडला, असे माझे मत आहे. सतरा वर्षांच्या मुलापुढे मद्य ठेवले गेले ते परवानाधारक जागांत, आणि त्याच्या हाती मोटार आली ती स्वतःच्या घरातून. पुढे वडिलांवर आणि मद्य पुरवणाऱ्या जागांच्या चालकांवरही गुन्हे दाखल झाले, म्हणजे कायद्याचा हात या मधल्या माणसांपर्यंत पोचतो हे दिसले. पण त्यासाठी दोन जिवांचा बळी आणि देशभर गाजणारा गवगवा लागला. वरळीच्या आरोपीचे वय पंचविशीच्या आत होते, त्याला तीव्र मद्य पुरवल्याबद्दल बारवर कारवाई झाली तीही अपघातानंतरच. त्याआधीच्या प्रत्येक शनिवारी तोच कायदा तितकाच जिवंत होता आणि कोणीही तो वापरला नव्हता.

अल्पवयीनांचे मद्यपान हे बड्या बापाच्या बेट्यांचे व्यसन आहे, अशी एक समजूत या प्रकरणांनी दृढ केली आहे, ती खोटी आहे. परदेशी मोटारीपेक्षा दुचाकीवर तिघे बसून चाललेली मुले आपल्या जिल्ह्यांच्या रस्त्यांवर कितीतरी अधिक दिसतात, आणि त्यांच्या मृत्यूची बातमी जिल्हापत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत आटोपते. पहिला घोट बहुतेकांना दुकानात मिळत नाही, तो आपल्याच माणसांत मिळतो: चुलतभावाच्या हळदीच्या रात्री, मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीनंतर, शेतावरच्या हुरड्याच्या बैठकीत, निवडणुकीच्या प्रचारात कार्यकर्ता म्हणून राबवून घेतलेल्या पोरांच्या जेवणावळीत. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत लज्जास्पद वाटतो, कारण तेथे पाजणारा माणूस उद्या त्याच गावाचा कारभारी होणार असतो. मेंदूतील जो भाग धोक्याचे मोजमाप करतो आणि आवेगाला लगाम घालतो त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, असे मेंदूविज्ञान सांगते. त्या वयात मद्य लवकर अंगवळणी पडते आणि धाडसाला मित्रांच्या टाळ्यांची जोड मिळते. त्याच वयात आई-बाप क्लासला जाण्यासाठी मुलाच्या हाती स्कूटर देतात. परवान्याचे वय झालेले नसताना दिलेली किल्ली ही लाडाची खूण मानली जाते, आणि शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची रांग शिक्षकांनाही दिसत असते.

या बाबतीत कायदा दुबळा नाही. २०१९ पासून मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन चालकाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे ७७ वे कलम याहून कडक आहे: वैद्यकाच्या आज्ञेशिवाय अठरा वर्षांखालील मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. हे कलम दुकानदाराला जसे लागू आहे तसेच काकाला, मामाला आणि पुढाऱ्यालाही लागू आहे, हे किती घरांत ठाऊक आहे?

लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या प्रयत्नांत महाराष्ट्राचे स्थान फार वरचे आहे. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या स्मरणार्थ १९७४ पासून दारूबंदी आहे; गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्यासह अनेक कार्यकर्त्यांच्या आणि आदिवासी गावांच्या लढ्यातून १९९३ साली ती आली; चंद्रपुरात स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ साली आली आणि २०२१ साली उठवण्यात आली. गावातील चतुर्थांश स्त्री मतदारांनी अर्ज केल्यास मतदान घ्यावयाचे, आणि एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीच्या चिन्हावर शिक्का मारला तर दुकान बंद करावयाचे, ही तरतूद लोकशाहीच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहे. मतदानाच्या दिवशी रोजगार बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्या त्या स्त्रियांविषयी माझ्या मनात निरपवाद आदर आहे. तरीही रस्त्याच्या दृष्टीने या उपायाला एक मर्यादा आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. गावातील दुकान बंद झाले की ज्याला प्यायचेच आहे तो शेजारच्या गावी किंवा जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे जातो, आणि पूर्वी जो पायी घरी लडखडत येत असे तो आता दुचाकीवरून दहा-पंधरा किलोमीटर परततो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली, त्याचेही असेच झाले: काही राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच बदलला, पुढे न्यायालयानेही नगरपालिकांच्या हद्दींना मुभा दिली, आणि दुकानांच्या जागा बदलल्या तरी पिऊन निघणाऱ्यांचे वाहन बदलले नाही. आडवी बाटली हवीच. पण तिच्या जोडीला परतीच्या वाटेचाही बंदोबस्त हवा.

हा बंदोबस्त कसा करता येतो याचे दाखले परदेशांत आहेत. अमेरिकेत १९८० साली मद्यपी चालकाच्या गाडीखाली मुलगी गमावलेल्या एका आईने इतर मातांना एकत्र करून संघटना उभारली, आणि चारच वर्षांत मद्यपानाचे किमान वय देशभर २१ करण्यास भाग पाडणारा कायदा झाला. माझ्या दृष्टीने त्याहून उद्बोधक आहे तो जपानचा मार्ग. फुकुओका येथे २००६ साली एका मद्यपी चालकामुळे तीन बालके मृत्युमुखी पडल्यावर तेथे पुढच्या वर्षी कायदा बदलला, आणि चालकाखेरीज त्याला मद्य देणारा, गाडी देणारा आणि तो प्यालेला आहे हे ठाऊक असूनही त्याच्या गाडीत बसणारा, असे तिघेही शिक्षेस पात्र ठरले. मधल्या माणसांना कायद्याने हाक मारण्याची ही रीत आहे. आपल्या मोटार वाहन अधिनियमातही १८८ वे कलम मद्यपी चालकास साहाय्य किंवा चिथावणी देणाऱ्यास त्याच गुन्ह्याची शिक्षा ठेवते. त्या कलमाचा उपयोग करण्याची सवय तेवढी पोलिसांना आणि वकिलांना नाही.

तथापि कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. लग्नघराने पाहुण्यांच्या परतीसाठी भाड्याची गाडी सांगणे, गृहनिर्माण संस्थेच्या रखवालदाराने झिंगलेल्या माणसाची गाडी फाटकाबाहेर न सोडणे, गणेश मंडळाने अठरा वर्षांखालच्या मुलांना विसर्जनानंतरच्या बैठकीपासून दूर ठेवणे, यात्रा समितीने रात्रीच्या जादा एस.टी. गाड्यांची मागणी वेळेवर करणे या गोष्टींना ना अनुदान लागते ना अधिसूचना. २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या समित्यांनी बांधावरची भांडणे कचेरीत न नेता मिटवली. ज्या गावाला भाऊबंदकी मिटवता येते, त्याला एका रात्रीपुरती किल्ली काढून घेणे अशक्य नाही. किल्ली मागणाऱ्याला मात्र आजवर पाहुण्याचा अपमान करणारा समजले गेले आहे, आणि हे मत बदलण्याचे काम घरातल्या वडीलधाऱ्यांनीच हाती घेतले पाहिजे, कारण तरुण पोर मोठ्यांच्या हातून किल्ली काढून घेऊ शकत नाही.

एक मागणी मात्र सरकारकडेच करावी लागेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मद्यपी चालक दोषी ठरला की न्यायालय त्याला शेवटचे मद्य कोठे दिले गेले हे विचारते आणि ती माहिती परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जाते. आपल्या पोलीस ठाण्यांनीही मद्यपी चालकाच्या प्रत्येक प्रकरणात, अपघात झालेला असो वा नसो, पंचनाम्यात एक रकाना वाढवावा: मद्य कोठे घेतले, कोणी दिले, पिणाऱ्याचे वय काय. या नोंदी दर तिमाहीस उत्पादन शुल्क अधीक्षकाकडे आणि ग्रामसभेपुढे किंवा प्रभाग समितीपुढे जाव्यात, आणि ज्या दुकानाचे वा ढाब्याचे नाव पुनःपुन्हा येईल त्याच्या परवान्याचे नूतनीकरण लोकांच्या हरकती ऐकल्यावाचून होऊ नये. ग्रामसभेला असा ठराव करून ठाण्याच्या निरीक्षकाकडे आणि जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवण्यास आजही कोणाची परवानगी लागत नाही.